दोनशे सेकंद

नागपूर. एप्रिलची दुपार. रस्ता ओस पडला आहे.

कूलर थोडा वेळ बंद करा. घरघर विरू द्या.

बसा. खांदे सैल सोडा. श्वास येतो आहे, जातो आहे. त्याला येऊ द्या, जाऊ द्या.

आता एक काचेची नळी मनासमोर आणा. उभी, मीटरभर लांब, दोन्ही तोंडं उघडी. आत, खालच्या बाजूला, एक छोटी ज्योत.

एवढंच पाहा.

बुडाशी निळा रंग गडद आहे. वर जाताना तो फिका होत जातो. टोकाशी तर तो आहे की नाही, हेही कळत नाही.

पाहत राहा.

नळी गुणगुणू लागते. आधी बारीक, मग भरदार, एकच सूर. ज्योतीला कुणी हात लावलेला नाही. तरी तिची कड थरथरते आहे, इतक्या वेगानं की डोळ्याला ती नुसती धूसर दिसते.

या थरथरीपाशी थांबा.

नळीतली हवा दाबली जाते, सैल होते. सेकंदाला साधारण पावणेदोनशे वेळा. ज्योतही तशीच उसळते, मंदावते. हवा दाबलेली असतानाच ज्योतीनं जास्त उष्णता दिली, की सूर चढतो. झोका पुढे निघताना दिलेला हलका धक्का, तसंच हे. हवा सैल असताना तीच उष्णता मिळाली, तर सूर ओसरतो.

भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी हे १८७८ मध्ये सांगितलं. समीकरणं आज बाजूला राहू द्या.

श्वास घ्या. सोडा.

हाच सूर इंजिनात चढला तर धातू फाटतो. चंद्रावर माणूस नेणाऱ्या एफ-१ इंजिनाच्या चाचण्यांत तसं घडलं. मग इंधन फवारणाऱ्या इंजेक्टरवर तांब्याच्या आडभिंती आल्या. जळत्या इंजिनात मुद्दाम छोटा स्फोट करायचा आणि ज्वाला आपणहून शांत होते का ते पाहायचं, अशी त्यांची परीक्षा होती.

आपल्या नागपुरातही अशी एक ज्वाला पेटली होती. एप्रिल २०२३. सोलर इंडस्ट्रीजचं चाचणीकेंद्र. स्कायरूट कंपनीचं, थ्रीडी छपाईनं घडवलेलं धवन-२ इंजिन. बाहेर वैदर्भी उन्हाळा. टाक्यांत द्रवरूप नैसर्गिक वायू आणि द्रव ऑक्सिजन, दोन्ही उणे १६० अंशांच्या आसपास किंवा त्याहून थंड. ते इंजिन २०० सेकंद जळत राहतं.

तेवढाच वेळ आपण नळीपाशी बसू. तेवढ्यात ज्योत ३५ हजार वेळा थरथरेल.

ऐका.

आता नळीपाशी एक मायक्रोफोन ठेवा. खालच्या तोंडाशी एक छोटा स्पीकर. मायक्रोफोन सूर ऐकतो. स्पीकर तोच सूर परत देतो, पण नेमका विलंब करून. काही हजारांश सेकंदांचा विलंब. तो चुकला तर सूर उलट चढतो. जमला तर...

थांबा. घाई नको.

सूर उतरतो आहे. ज्योतीची कड पुन्हा रेखीव होते आहे.

शांत.

आता स्पीकरकडे कान द्या. मला यातली सर्वांत विलक्षण गोष्ट हीच वाटते: तो आता जवळजवळ काहीच बोलत नाही. सूर उठायच्या आत त्याला कणभर उत्तर मिळतं, आणि तेवढं पुरतं. त्याची तार काढा, सूर क्षणात परत येतो. तार जोडा. पुन्हा ऐका.

श्वास येतो आहे. जातो आहे.

१९८० च्या दशकात केंब्रिजमध्ये नळीतली ज्योत अशी शांत केली गेली. मोठ्या इंजिनाला स्पीकर पुरत नाही. तिथे इंधनाची झडपच तालात उघडमीट करावी लागते. सीमेन्सनं १९९० च्या दशकात वीजनिर्मितीच्या गॅस टर्बाइनवर ते करून दाखवलं. रॉकेटांचा मुख्य भरवसा मात्र अजूनही आडभिंतींवर आणि इंजेक्टरच्या घडणीवरच आहे.