सावली सगळ्यांची, झाड कुणाचं?

आमच्या करावे गावातल्या घरामागे एक रायवळ आंबा होता. आजोबांनी लावलेला. फळ लहान, रेषाळ, पण कैरी लोणच्याला एक नंबर. 1970 साली सिडको आली, 95 गावांच्या जमिनींवर नवी मुंबई उभी राहिली. आमची भातखाचरं गेली. खाडीकडे जायच्या वाटेत पाम बीच रस्ता आला. शेत गेलं, आंबा राहिला. म्हणून बाबांचा त्याच्यावर भारी जीव.

झाड आमचं, पण सावली आळीची. शेजारची काकी त्याच्याखाली सुकट वाळत घालायची, पोरं झोपाळा बांधायची. एक जाड फांदी मात्र काकीच्या पडवीवर आडवी गेली होती, आणि बुंध्याला एका अंगानं पोकळी धरली होती. काकीनं दोनदा सांगितलं, "बाला, ती फांदी तोर रं. एक दिस माझ्या डोक्याव येल."

मी "बघतो" म्हणालो. स्वतःच्या अंगणातलं झाड असलं तरी शहरात ते आपल्या मर्जीनं तोडता येत नाही. 1975 च्या कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. अर्ज करायचा होता. एवढंच काम, पण ते राहिलं. कायद्याचं नाव सांगायला बरं वाटतं. खरं कारण आळस आणि थोडा खर्चाचा विचार.

17 मे 2021 ला तौक्ते वादळ आलं. दुपारी मोठा आवाज झाला. आंबा मुळासकट आडवा. आमच्या मोरीची भिंत आणि छपराचे चार पत्रे गेले, अन् काकीची अख्खी पडवी चेपली. माणसं आत होती, म्हणून वाचली.

आमच्या घराचा विमा होता. एप्रिल 2021 पासून सगळ्या कंपन्यांना एकसारखी 'भारत गृह रक्षा' पॉलिसी द्यावी लागत होती. वादळानं किंवा झाड कोसळून घराचं झालेलं नुकसान तिच्यात येतं. पाहणीला माणूस आला, फोटो काढले, 40 हजारांचं नुकसान धरलं. मग मी झाड उचलायचं विचारलं. ढिगारा हटवायला मंजूर रकमेच्या 2 टक्क्यांपर्यंत, म्हणजे जास्तीत जास्त 800 रुपये. करवतवाल्यानं कापून, ओंडके टेम्पोत भरून न्यायचे 14 हजार सांगितले होते. आणि काकीच्या पडवीचं? "ते तुमचं घर नाही ना," तो शांतपणे म्हणाला. त्याचं चुकलं नव्हतं. विमा घराचा होता, शेजारधर्माचा नव्हता. काकीकडे तर पॉलिसीच नव्हती.

रात्री घरात वाद झाला. भाऊ म्हणाला, "वादळ काय आपण आणलं? देवाची करणी. ज्याच्या घरावर पडलं त्यानं सोसावं." ऐकायला बरोबर वाटतं. झाड निरोगी असतं, तर मीही तेच म्हटलं असतं. काकीला मदत केली असती, पण ती मदत म्हणून. देणं म्हणून नाही.

पण पोकळी मला माहीत होती. दोनदा सांगितलेलं होतं. वादळ देवाचं, दिरंगाई माझी. आणि इथंच मला विम्याची हद्द कळली. विमा ही जुनीच गोष्ट आहे. एकाच्या शेतावर सगळ्यांनी राबायचं, मग दुसऱ्याच्या. आपल्याकडे सावड म्हणतात, तशीच ही पैशातली सावड. हजारांनी थोडं थोडं घालायचं, ज्याच्यावर पडेल त्यानं घ्यायचं. नशिबाचा वाटा असा वाटून घेता येतो. चुकीचा वाटा नाही वाटता येत. तो ज्याचा त्यानंच उचलायचा.

बाबा तोवर गप्प होते. मग एवढंच बोलले, "सावली खाल्ली तवा कुंपन कुनी बगितला नाय. आता झार परला तं कुंपन दिसला व्हय?"

हे बोलणं दोन्हीकडून लागतं, हे मला नंतर उमगलं. सावली सगळ्यांची होती, तर पडलेलं झाड उचलायलाही आळी आली पाहिजे. आणि आली. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ-दहा जण कोयते घेऊन आले, लहान फांद्या त्यांनीच तोडल्या. करवतवाल्याचं काम निम्म्यावर आलं. पण पडवीचे पत्रे मी आणले, सुताराची मजुरी मी दिली. ते आळीचं नव्हतं, माझं होतं. काकी "नको नको" म्हणाली. मी म्हणालो, "काकी, ही मदत नाय. देनं हाय."

तिनं माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. बरं वाटलं असं नाही म्हणणार. तिला वर्षभर आधीच फांदी तोडून दिली असती, तर याहून कमी पैसे लागले असते आणि आंबाही कदाचित उभा असता.

आता अंगणात जांभूळ आहे. त्याची फांदी पलीकडे झुकायला लागली की अर्जाचा कागद मी आधी काढतो. काकीला सांगायची वेळ येऊ देत नाही.