काम नाकारण्याचा हक्क

'संपाने मुंबईच्या गिरण्या बुडवल्या' हे वाक्य आपल्याकडे चाळीस वर्षे इतक्या वेळा उच्चारले गेले आहे की त्यासाठी पुरावा मागण्याची गरज आता कुणाला वाटत नाही. सध्या ते पुन्हा कानावर येते आणि या वेळी त्याच्या आधाराने एक नवा युक्तिवाद उभा केला जातो. बांगलादेशातल्या २०२४ च्या सत्तांतरानंतर तयार कपड्यांच्या ऑर्डरी दुसरीकडे वळू शकतात, त्या आपण मिळवल्या पाहिजेत. अमरावतीजवळ नांदगाव पेठेत पीएम मित्र वस्त्रोद्योग उद्यान उभे राहत आहे, तिथे विदर्भातल्या मुलींना शिलाई मशिनवर नियमित पगार मिळेल. अशा वेळी युनियन आणि संप यांची भाषा म्हणजे आपल्याच मुलींच्या पोटावर पाय. तेव्हा २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने संपाला घातलेल्या अटी योग्यच आहेत. असे म्हणणारे लोक दुष्ट नाहीत. त्यांतले अनेक जण वाचणारे, गरिबांविषयी आस्था असणारे आहेत. म्हणूनच त्यांना सविस्तर उत्तर द्यायला हवे.

आधी संहिता काय म्हणते ते पाहू. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात संपाची नोटीस सार्वजनिक उपयोगाच्या सेवांपुरती सक्तीची होती. आता ती प्रत्येक कारखान्याला लागू आहे. किमान चौदा दिवस आधी नोटीस द्यायची आणि संपाच्या दिवशी ती साठ दिवसांपेक्षा जुनी असता कामा नये. नोटीस मिळाल्यावर समेट अधिकारी बैठक बोलावतो आणि त्या पहिल्या बैठकीपासून समेटाची कार्यवाही सुरू झाली असे मानले जाते. ती चालू असताना संप बेकायदा. ती संपल्यानंतर सात दिवस संप बेकायदा. समेट फसला, तर दोहोंपैकी कोणताही पक्ष थेट न्यायाधिकरणाकडे अर्ज करू शकतो. तिथे प्रकरण चालू असेपर्यंत संप बेकायदा, निकालानंतरचे साठ दिवसही बेकायदा. म्हणजे मालकाने एक अर्ज केला की संपाचे दार बंद. न्यायाधिकरणाचा निकाल कधी लागेल हे कुणीच सांगू शकत नाही, आणि तोपर्यंत साठ दिवस उलटून पहिली नोटीस निकामी झालेली असते. निम्म्या किंवा त्याहून अधिक कामगारांनी एकाच दिवशी मिळून रजा घेतली, तर तोही संपच. बेकायदा संपात उतरणाऱ्याला एक हजार ते दहा हजार रुपये दंड, किंवा एक महिन्यापर्यंत कैद, किंवा दोन्ही. संपाचा हक्क कागदावर शिल्लक आहे, पण तो कायदेशीरपणे बजावता येईल असा दिवस कॅलेंडरमध्ये सापडणे जवळजवळ अशक्य झाले आहे.

कपड्यांच्या कारखान्यात या दिवसांना फार महत्त्व असते. तिथले सारे वेळापत्रक माल जहाजावर चढवण्याच्या तारखेभोवती फिरते. कटिंग, शिलाईची लाइन, चेकिंग, इस्त्री, पॅकिंग अशी साखळी. दर तासाला किती नग निघाले याचा हिशेब सुपरवायझर लाइनसमोरच्या फळ्यावर लिहितो. तारीख हुकली तर माल विमानाने पाठवावा लागतो आणि त्या खर्चाचा भार बहुधा कारखानदारावरच पडतो. शिवणाऱ्या बाईच्या हाती सौदा करण्याची ताकद असते ती याच तारखेच्या आधीच्या चार-आठ दिवसांत. तिने आधी कळवायचे, मग समेटाच्या बैठकांना बसायचे, मग थांबायचे, असा क्रम लावला की तेवढ्या अवधीत माल निघून जातो आणि पुढची ऑर्डर दुसऱ्या युनिटला वळवता येते.

ऐन वेळी काम थांबवता येणे किती महत्त्वाचे आहे, ते बेंगळुरूने २०१६ मध्ये दाखवले. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने एक अधिसूचना काढली. नोकरी सुटल्यावर भविष्य निर्वाह निधीतला मालकाचा हिस्सा ५८ व्या वर्षापर्यंत काढता येणार नाही, असे तिच्यात होते. कपड्याच्या कारखान्यात अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत कोण टिकते? पस्तिशी-चाळिशीत डोळे आणि पाठ जाते, त्या वेळी हा निधी म्हणजे मुलीचे लग्न, घराचे डिपॉझिट, कर्जाची फेड. १८ आणि १९ एप्रिलला होसूर रोड, पीण्या, म्हैसूर रोड या भागांत हजारो कामगार मशिनवरून उठून रस्त्यावर आले. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. कोणत्याही युनियनने हाक दिली नव्हती. काही ठिकाणी जाळपोळ झाली, लाठीमार झाला. आणि १९ तारखेलाच सरकारने अधिसूचना मागे घेतली. तो फायदा एकट्या बेंगळुरूच्या बायकांना झाला नाही, देशभरातल्या पीएफ खातेदारांना झाला. आज तेच घडले, तर त्या सगळ्या जणी दंड आणि कैदेला पात्र ठरतील.

यावर प्रतिपक्षाचे उत्तर तयार असते: एक संप यशस्वी झाला, मान्य. पण १९८२?

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले आणि हरले, हे खरे आहे. घरेच्या घरे उद्ध्वस्त झाली. पण गिरण्या त्याआधीच पोखरल्या गेल्या होत्या. नवी यंत्रे आणण्याऐवजी काम भिवंडीच्या यंत्रमागांकडे गेले होते, आणि पुढे १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी विकायची वाट खुली केल्यावर सुतापेक्षा जमीन मौल्यवान ठरली. मला जास्त महत्त्वाची वाटते ती वेगळी गोष्ट. त्या कामगारांना स्वतःचा प्रतिनिधी निवडता येत नव्हता. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने राष्ट्रीय मिल मजदूर संघाला एकमेव प्रातिनिधिक युनियन ठरवले होते. कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या मागे होते आणि कायदा वाटाघाटी दुसऱ्याशीच करायला सांगत होता. तो कायदा बदला, हीसुद्धा संपातली एक मागणी होती. ऐंशीच्या दशकातली ती शोकांतिका संप करण्याच्या हक्कातून जितकी आली, तितकीच प्रतिनिधी निवडण्याचा हक्क नाकारल्यातूनही आली.

इथवरची सारी चर्चा परिणामांच्या भाषेत झाली. अमुक संपाने काय मिळवले, तमुक संपाने काय घालवले. पण हे मैदान प्रतिपक्षाला सोयीचे आहे, कारण इथे प्रत्येक विजयापुढे एक पराभव ठेवता येतो. मतदानाचा हक्क निवडून आलेल्या सरकारांच्या कर्तबगारीवर आपण मोजत नाही. संपाच्या हक्कालाही तोच न्याय हवा. आणि हा न्याय कुणी स्पष्टपणे मांडला असेल, तर तो मुंबईच्या विधिमंडळात, १९३८ मध्ये, डॉ. आंबेडकरांनी.

बाळासाहेब खेरांच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने औद्योगिक विवाद विधेयक आणले होते. समेट सक्तीचा, ठरावीक टप्पे पार करण्याआधीचा संप बेकायदा, आणि बेकायदा संपाला शिक्षा. आजच्या संहितेचा सांगाडा तिथे ओळखू येतो. १५ सप्टेंबर १९३८ च्या भाषणात आंबेडकरांनी वकिलाच्या काटेकोरपणाने प्रश्न विचारला: संप म्हणजे कायद्याच्या दृष्टीने काय? कामगाराने नोकरीचा करार मोडणे, एवढेच. करार मोडला तर नुकसानभरपाईचा दिवाणी दावा होऊ शकतो. तो गुन्हा कसा? आणि माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध काम करायला तुरुंगाची भीती घालणे, याला गुलामगिरीखेरीज दुसरे नाव नाही. संपाचा हक्क म्हणजे आपल्या सेवेविषयीचे आपले स्वातंत्र्य. जो पक्ष देशाच्या स्वातंत्र्याला पवित्र मानतो, त्याने कामगाराच्या या स्वातंत्र्यालाही तेवढेच पवित्र मानले पाहिजे. हे विधेयक कामगारांचे नागरी स्वातंत्र्य स्थगित करणारे आहे, असे त्यांनी बजावले.

या युक्तिवादामागे इतिहास होता. १८५९ च्या एका कायद्यानुसार, उचल घेऊन काम सोडणाऱ्या मजुराला मॅजिस्ट्रेट तुरुंगात धाडू शकत असे. मळेवाल्यांच्या आणि व्यापाऱ्यांच्या सोयीसाठी केलेला तो कायदा १९२५ मध्ये रद्द ठरवला गेला. परक्या सरकारने मागे घेतलेली ती कल्पना तेरा वर्षांत स्वकीय सरकारने पुन्हा आणावी, ही गोष्ट संतापजनक होती. विधेयकाविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईत एक दिवसाचा संप झाला. त्यात आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कॉम्रेड डांग्यांचे साथी एकत्र होते, कामगार मैदानावर प्रचंड सभा झाली, शहरात गोळीबारही झाला. विधेयक तरीही कायदा झाले. आंबेडकरांचा युक्तिवाद मात्र आजपर्यंत कुणी खोडून काढलेला नाही.

त्या भाषणाचे खरे वजन कळायचे तर आणखी दहा वर्षे मागे जावे लागते. १९२८ च्या सहा महिन्यांच्या गिरणी संपात आंबेडकर नुसते समर्थक नव्हते. विणकाम खात्यात मजुरी जास्त, आणि तिथेच अस्पृश्यांना प्रवेश नव्हता, कारण धोट्यातून धागा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्ण कामगारांना विटाळ होई. ही बंदी उठवण्याची मागणी संपाच्या मागण्यांत घाला, नाहीतर माझ्या लोकांना संपात उतरू नका असे सांगेन, असे त्यांनी संपाच्या पुढाऱ्यांना सुनावले. पुढाऱ्यांनी ती मागणी नाखुशीने घेतली. १९२९ च्या संपाला तर त्यांनी उघड विरोध केला. ज्याने संपाला विरोध केला होता, त्यानेच नऊ वर्षांनी संपाच्या हक्कासाठी विधिमंडळ हादरवले. यात विसंगती शोधणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की संप चुकीचा ठरवण्याचा हक्कही कामगाराचाच आहे. तो मॅजिस्ट्रेटचा नाही, मालकाचा नाही आणि पुढाऱ्याचाही नाही. आंबेडकरांनी दोन्ही वेळा एकाच तत्त्वाची बाजू घेतली: कामगाराच्या इच्छेला दुसरे कुणी गहाण टाकू शकत नाही.

हे तत्त्व अमूर्त वाटत असेल, तर ढाक्याजवळच्या सावरला जाऊ. २३ एप्रिल २०१३ रोजी राणा प्लाझाच्या भिंतींना तडे गेले. इमारत रिकामी केली गेली. दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यांवरची बँक आणि दुकाने बंद राहिली. वरच्या कारखान्यांतल्या कामगारांना मात्र आत जायला लावले, आणि पगार कापण्याची धमकी दिली गेली. आठ मजली इमारत कोसळली, १,१०० हून अधिक माणसे मेली. तिथल्या एकाही कारखान्यात युनियन नव्हती. त्या सकाळी फाटकाबाहेर उभ्या असलेल्या बायकांना तडे दिसत होते. ज्ञान त्यांच्यापाशी होते, एकत्र नकार देण्याची ताकद नव्हती. आपल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत धोका मालकाच्या आणि निरीक्षकाच्या कानावर घालण्याची सोय आहे, पण धोका खरा की खोटा हे आधी मालकाने ठरवायचे. चौदा दिवसांची नोटीस भिंतीला चिकटवून त्या बायकांनी काय केले असते?

न्यूयॉर्कमध्येही हेच घडले होते. १९०९ च्या शिलाई कामगार तरुणींच्या प्रचंड संपात ट्रँगल कारखान्याच्या मुली आघाडीवर होत्या. मालकांनी युनियनला मान्यता द्यायला नकार दिला. २५ मार्च १९११ रोजी तिथे आग लागली, बाहेर पडायचे एक दार कुलूपबंद होते, १४६ जण गेले. त्यानंतर अग्निसुरक्षेचे कायदे आले, राणा प्लाझानंतर ब्रँडांना बांधून घेणारा 'अकॉर्ड' हा सुरक्षा करार आला. दोन्ही वेळा कामगारांचे म्हणणे ऐकले गेले ते मृतदेह मोजून झाल्यावर. आणि अकॉर्ड आल्याने ऑर्डरी पळाल्या का? बांगलादेशाची कपड्यांची निर्यात त्यानंतरच्या वर्षांत वाढली.

आता संघटनेविषयी. नवी संहिता मस्टरवरील ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेल्या युनियनला एकमेव वाटाघाटी करणारी ठरवते. १९४६ च्या कायद्याने जे केले, त्याच्या जवळ जाणारी ही वाट आहे. जिथे बायका वर्षा-दोन वर्षांत कारखाना बदलतात, तिथे ५१ टक्के जमवणे कठीण. त्यात ठरावीक मुदतीच्या नेमणुकीची मुभा. युनियनचा फॉर्म भरणाऱ्या बाईला काढावे लागत नाही, तिचा करार पुढे चालू ठेवला नाही की झाले. आपल्या देशाने संघटना स्वातंत्र्य आणि सामूहिक वाटाघाटी यांविषयीचे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचे (आयएलओ) ८७ आणि ९८ क्रमांकाचे करार आजवर मंजूर केलेले नाहीत, त्याचा अर्थ इथे उलगडतो.

पण १९२८ चा धडा युनियनवाल्यांसाठीही आहे. मशिनवर बायका आणि समितीवर पुरुष, ही व्यवस्था विणकाम खात्याच्या बंदीची सख्खी बहीण आहे. तामिळनाडूतल्या दिंडीगुलने वेगळा रस्ता दाखवला. २०२१ मध्ये तिथल्या एका कारखान्यातल्या दलित तरुणीचा खून झाला, आरोप सुपरवायझरवर होता. दलित स्त्रियांच्या नेतृत्वाखालच्या स्थानिक युनियनने लढा दिला आणि २०२२ मध्ये कारखानदाराशी करार झाला. एचअँडएम, गॅप आणि पीव्हीएच हे ब्रँडही करारांनी बांधले गेले. छळाची तक्रार नोंदवणाऱ्या, युनियनने तयार केलेल्या कामगार स्त्रिया प्रत्यक्ष लाइनवर उभ्या राहिल्या. मजुरीइतकीच अब्रू हा वाटाघाटीचा विषय झाला, कारण वाटाघाटीला बसणाऱ्यांना ती गोष्ट स्वतःच्या अनुभवातून ठाऊक होती.

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. संपाबद्दलची कैद आणि दंड रद्द करा, कारण करारभंग हा गुन्हा नाही. सक्तीची नोटीस पाणी, वीज, इस्पितळ अशा सेवांपुरती ठेवा. एका पक्षाच्या अर्जाने संपबंदी लागू होईल ही तरतूद काढा. जिवाच्या धोक्यापुढे तत्काळ काम थांबवण्याचा हक्क कायद्यात लिहा आणि धोका आहे की नाही हे कामगारांनी निवडलेल्या समितीला ठरवू द्या. प्रतिनिधी गुप्त मतदानाने निवडू द्या. युनियनमुळे करार तोडला नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर टाका. ज्या ब्रँडच्या नावाने शर्ट विकला जातो, त्याला करारात पक्षकार करा. यांतल्या एकाही मागणीने गिरणी बुडत नाही. ज्यांना वाटते की विदर्भातल्या मुलीला नोकरी आणि स्वातंत्र्य यांतले एकच मिळू शकते, त्यांनी ही निवड आपल्या मुलीपुढे ठेवण्याची तयारी आधी दाखवावी. तोपर्यंत दुसऱ्याच्या लेकीच्या वतीने ती करण्याचा अधिकार त्यांना नाही.