उडती तबकडी

आमच्या घरात एक संगणक आहे. म्हणजे आकड्यानं पाहिलं तर पाच-सहा आहेत; पण ते मुलाच्या मांडीवर, सुनेच्या पिशवीत आणि नातवाच्या खिशात फिरत असतात, त्यांना कोणी घरातला म्हणत नाही. हा मात्र लोखंडी कपाट, पाटा-वरवंटा आणि मी यांच्यासारखा पक्का घरातला. जागचा हलत नाही, कुरकुर करतो आणि त्याचं आता काहीतरी करायला हवं, असं दर दिवाळीच्या साफसफाईत कोणीतरी म्हणतंच.

जात पीसी-एक्सटी. प्रोसेसर ८०८८, वेग (टर्बोचं बटण दाबलं तर) १० मेगाहर्ट्झ, स्मरणशक्ती ६४० किलोबाइट. हार्ड डिस्क नाही. समोर सव्वापाच इंची फ्लॉपीच्या दोन फटी, एक ए आणि दुसरी बी. १९९० साली मी तो जुन्यातच घेतला, म्हणजे तो तेव्हाही म्हाताराच होता. प्रबंध, सोसायट्यांचे अहवाल आणि उपवर मुलामुलींची माहितीपत्रकं टाइप करून देण्याचा घरगुती धंदा मला काढायचा होता. हिच्या दोन पाटल्या त्यात गेल्या. 'पाटल्यांच्या फ्लॉप्या केल्या' हे वाक्य मी त्यानंतर किती वेळा ऐकलं, याची नोंद ठेवायला ६४० किलोबाइट पुरणार नाहीत.

परवा, १२ जुलैला, नातू माझ्यापाशी येऊन बसला. मी यंत्र चालू करून वर्डस्टार मागवला. गुर्र... खट्... खट्... गुर्र...

"आजोबा, हा विचार करतोय का?"

"नाही रे. शोधतोय."

खरोखरच शोधत असतो बिचारा. फ्लॉपी मिनिटाला ३०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला सेकंदाचा पाचवा भाग. हवी ती जागा नुकतीच डोक्याखालून निघून गेली असेल, तर ती पुन्हा येईपर्यंत वाट पाहणं आलं. मोटर थांबलेली असेल तर आधी तिला वेग घेऊ द्यायचा. उलट आतल्या स्मृतीच्या चिपला काही विचारलं, तर ती दीडशे-एक नॅनोसेकंदांत उत्तर देऊन मोकळी होते. सेकंदाच्या अब्जाव्या भागाला नॅनोसेकंद म्हणतात. एवढ्या वेळात आमच्या हिला रागसुद्धा येत नाही.

त्यातून वर्डस्टारची रीत अशी, की तो सगळाच्या सगळा एकदम स्मृतीत यायचा नाही. एक मुख्य फाइल आणि दोन 'ओव्हरले'. काम पडेल तसा एकेक तुकडा तो फ्लॉपीवरून आणवतो. स्वयंपाकाला उभं राहिलेलं माणूस मोहरीसाठी माळ्यावर चढलं, उतरलं, आणि मग हळदीसाठी पुन्हा चढलं, तसा तो प्रकार.

यावर तोडगा म्हणजे रॅम डिस्क. ओट्यावरच खडूनं एक चौकोन आखायचा आणि स्वयंपाक करणाऱ्याला सांगायचं, 'हा माळा.' कॉन्फिग डॉट सिस नावाच्या फायलीत एक ओळ लिहायची: डिव्हाइस बरोबर रॅमड्राइव्ह डॉट सिस, पुढे २५६. झालं. ६४० पैकी २५६ किलोबाइट बाजूला निघतात आणि यंत्र म्हणतं, ही घ्या तुमची सी डिस्क. वर्डस्टारच्या तिन्ही फायली सकाळी एकदा तिच्यावर उतरवल्या, की मग गुर्र नाही आणि खट् नाही. आयबीएमनं १९८४ साली पीसी-डॉस ३.० बरोबर ही सोय दिली, १९८६ साली एमएस-डॉस ३.२ मध्ये रॅमड्राइव्ह आली. अमिगावाल्यांची वेगळी, अ‍ॅमस्ट्रॅडवाल्यांची एम नावाची वेगळी. थोडक्यात, हळू यंत्रं जिथे जिथे होती, तिथे तिथे कोणीतरी ओट्यावर चौकोन आखलाच.

मी सी वरून वर्डस्टार मागवला. बोट उचलायच्या आत हजर. नातू म्हणाला, "आजोबा, ही चीटिंग आहे."

पोरगं चौदा वर्षांचं आहे, पण मुद्द्याला हात घालतं. आहेच ती थाप. डॉस विचारतो, 'तू डिस्क का?' ड्रायव्हर बेधडक म्हणतो, 'होय.' फायलींची यादी माग, दाखवतो. जागा किती शिल्लक विचार, सांगतो. जी फिरत नाही, दिसत नाही आणि मुळात नाहीच, अशा तबकडीवर फाइल उतरवली की पडद्यावर 'एक फाइल कॉपी झाली' असं छापून येतं. आणि खऱ्याखुऱ्या फ्लॉपीवर उतरवली तरी अक्षरन् अक्षर तेच छापून येतं. दोन्हींत फरक एवढाच, की लाइट गेले की पहिली उडते.

नातवाला 'लाइट गेले' म्हणजे काय ते नीटसं उमगलं नाही. त्याच्या यंत्रांना पोटात बॅटरी असते. मला मात्र ते उमगलेलं आहे, आणि ते १९९१ सालच्या जुलैत.

त्या वर्षी पानशेतच्या पुराला तीस वर्षं झाली. १२ जुलै १९६१ ला धरण फुटलं तेव्हा आमचे अण्णा नदीकाठच्या एका पेठेत सब-पोस्टमास्तर होते. निवृत्तीनंतर त्यांना आठवणी लिहायच्या होत्या, पण हात कापायचा. मी म्हटलं, "तुम्ही सांगा, मी टाइप करतो." मशीनमध्ये मराठीसाठी जिस्टचं कार्ड बसवलेलं होतंच. रोज संध्याकाळी अण्णा खुर्चीत ताठ बसून सांगायचे, तेही विरामचिन्हांसकट: "पाणी ओसरल्यावर ऑफिसात गुडघाभर गाळ होता स्वल्पविराम..." प्रत्येक परिच्छेदानंतर डोळे उघडून विचारायचे, "ठेवलंस?" ठेव, बचत, रजिस्टर, पोचपावती यांतच त्यांचा जन्म गेलेला. पावती दिली म्हणजे जिन्नस पोचला, यापलीकडे त्यांचं तत्त्वज्ञान नव्हतं, आणि त्यांना त्याची गरजही कधी भासली नाही.

पहिला आठवडा मी सगळं फ्लॉपीवर ठेवत होतो. ते गुर्र-खट् चालू असताना अण्णा पंख्याकडे पाहत बसायचे आणि तेवढ्यात त्यांना आणखी काहीतरी आठवायचं. भिजलेली टपाल-पोती आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत कशी आणली. भर पावसाळ्यात ऊन नाही म्हणून खाटांच्या सुतळ्यांवर पत्रं कशी वाळत घातली. आईनं कोळशाच्या इस्त्रीनं पोस्टकार्डं कशी सुकवली. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो. त्या ओल्या कागदांचा आणि निखाऱ्यांचा वास मला अजून येतो. पण सारखं थांबायला लागतंय म्हणून अण्णा कावायला लागले, आणि मी माझी हुशारी काढली. वर्डस्टार तर सी वर होताच, आता आठवणीही सी वर. बसणं संपलं की शेवटी एकदाच बी मधल्या फ्लॉपीवर उतरवून घ्यायच्या. कंट्रोल के एस दाबलं, की डोळ्याचं पातं लवायच्या आत काम फत्ते.

बरोबर बारा तारखेला अण्णा पत्ते पुसलेल्या पत्रांपर्यंत आले. शाई विरघळून ज्यांचा पत्ता गेला, ती पत्रं नियमाप्रमाणे आर.एल.ओ.कडे, म्हणजे बेवारशी पत्रांच्या ऑफिसात धाडायची. त्यातलं एक अण्णांनी धाडलं नव्हतं. मालक सापडावा म्हणून त्यांनी ते उघडून वाचलं होतं. तीस वर्षांत हे त्यांनी आईलासुद्धा सांगितलेलं नसावं. त्या संध्याकाळी ते पाव तास एकसारखे बोलत होते, त्या पत्रात काय होतं आणि पुढे त्यांनी काय केलं. स्वल्पविराम सांगायचंही ते विसरले. मधे गुर्र-खट् झालं असतं तर त्यांनी पंख्याकडे पाहिलं असतं आणि बहुधा विषय बदलला असता. थांबायला जागाच मिळाली नाही, म्हणून ते बाहेर आलं, असं मला पुढे कैकदा वाटलं आहे.

संपल्यावर त्यांनी घाम पुसला. म्हणाले, "ठेवलंस?"

मी कंट्रोल के एस दाबलं. "ठेवलं, अण्णा."

तेवढ्यात आतून ही म्हणाली, चहा झालाय. फ्लॉपीवर चहानंतर उतरवू असं म्हणून मी उठलो. अण्णाही उठले. दोन घोट झाले असतील-नसतील, लाइट गेले.

आता मी खोटं बोललो का? त्या रात्री मी अंधारात स्वतःची वकिली बरीच केली. मी ठेवलं होतंच. यंत्रानं तक्रार केली नव्हती. सी डिस्कवर फाइल होती, अगदी बाइटच्या हिशेबासकट. पण अण्णांनी 'ठेवलंस?' म्हणून जे विचारलं आणि मी 'ठेवलं' म्हणून जे सांगितलं, ते दोन निरनिराळे शब्द होते, आणि ते मला ठाऊक होतं. डॉस फसला ते अज्ञानानं. मी तर चौकोन स्वतःच्या हातानं आखला होता.

सकाळी अण्णांना सांगितलं. वाटलं, रागावतील. ते फक्त म्हणाले, "म्हणजे पोच दिलीस, आणि जिन्नस नाही." पोस्टात याहून वाईट शिवी नसावी.

संध्याकाळी तोच भाग त्यांनी पुन्हा सांगायला घेतला. या खेपेला मी फ्लॉपीवर ठेवत होतो, त्यामुळे गुर्र-खट् यथासांग. पोती झाली, सुतळ्या झाल्या, इस्त्री झाली. "काही पत्रांचे पत्ते पुसले गेले होते स्वल्पविराम ती नियमाप्रमाणे आर.एल.ओ.कडे रवाना केली पूर्णविराम."

माझी बोटं थांबली. "अण्णा, ते एक पत्र..."

"पूर्णविराम म्हणालो ना मी?"

ती पुस्तिका पुढे छापली. म्हणजे डॉट मॅट्रिक्सवर सात प्रती काढून नातेवाइकांना वाटल्या. त्यात 'नियमाप्रमाणे' हा शब्द मीच टाइप केलेला आहे. अण्णा १९९६ साली गेले. तेव्हापासून एक प्रश्न माझ्या गळ्यात आहे. जे त्यांनी एकदा आपणहून सांगितलं आणि दुसऱ्यांदा आपणहून गाळलं, ते मी आता लिहून ठेवावं का? पेटीत टाकलेलं पत्र ज्यानं टाकलं त्याचं, की ज्याच्या हातात पडलं त्याचं? 'तुझ्या डबड्यानं बरंच केलं म्हणायचं,' असं ते एकदा पान जमवता जमवता म्हणाले होते. पण त्यांच्या आवाजावरून ते सुटल्यासारखं म्हणाले की हळहळून, ते मला कळलं नाही, आणि विचारायचं धाडस झालं नाही.

बरं, ते मला नीट आठवतं तरी का? ज्या चिपवर ती सी डिस्क वसली होती, तिची मेख मी नंतर वाचली. आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांना १९६८ साली तिचं पेटंट मिळालं. एकेका बिटासाठी एक ट्रान्झिस्टर आणि विजेचा एक इवलासा साठा. पण तो साठा गळका. म्हणून सगळ्या ओळी दर काही मिलिसेकंदांनी पुन्हा भरून घ्याव्या लागतात. आमच्या एक्सटीत साधारण चार मिलिसेकंदांना एक आवर्तन पुरं होतं. आणि गंमत पुढेच आहे. वाचलं की वाचलेलं पुसलं जातं. वाचणं म्हणजेच तो साठा रिता करणं, त्यामुळे चिप वाचते आणि लगेच वाचलेलं परत लिहून ठेवते. मीही तीस-पस्तीस वर्षं अण्णांची ती पंधरा मिनिटं मनात वाचतो आणि परत लिहून ठेवतो. दर वेळी तेच लिहितो, याची हमी मला कोण देणार? पत्राच्या कागदाचा रंग पूर्वी मला पिवळट आठवायचा. हल्ली निळा आठवतो.

खऱ्या डिस्कचं म्हणाल, तर तिनं फार मोठा पराक्रम केला असं नाही. पुण्याच्या पावसाळ्यांत त्या फ्लॉपीवर पांढरी बुरशी चढली. २००९ साली घातली तेव्हा तिनं गुर्र केलं, खट् केलं आणि एक अक्षर दिलं नाही. बुरशीनं आधी सांगितलं नव्हतं. लाइट गेले की मी विसरणार, एवढं उडत्या तबकडीनं निदान पहिल्या दिवसापासून तोंडावर सांगितलेलं होतं. तेव्हापासून माझं मत तिच्याबद्दल बरंच बदललं.

म्हणून गेली काही वर्षं मी १२ जुलैला संध्याकाळी यंत्र चालू करतो. बी रिकामा ठेवतो. सी वर वर्डस्टार घेतो आणि ते पत्र, अण्णांचं ते पाव तासाचं बोलणं, पहिल्यापासून टाइप करतो. कंट्रोल के एस दाबतो. एकदा वाचतो आणि स्विच बंद करतो. परवाही टाइप करून झालं होतं. नातू शेजारीच होता, पण त्याचं लक्ष खिशातल्या यंत्रात असेल अशी माझी समजूत.

"आजोबा, सेव्ह केलं?"

"केलं की."

"कुठे?"

"सी वर."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. अगदी अण्णा बघायचे तसं. पोराला रॅम डिस्क तासाभरापूर्वीच समजली होती, आणि दुर्दैवानं चांगली समजली होती.

"मग मी वाचू?" म्हणाला, आणि उत्तराची वाट न पाहता पुढे सरकलासुद्धा. शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे मराठी तो अक्षरावर बोट ठेवून वाचतो. "पा-णी ओ-स-र-ल्या-वर..." पत्राचा मजकूर पडद्यावर अकराव्या ओळीपासून होता. तो तिसऱ्या ओळीवर होता. माझा हात स्विचवर होता.

"अहो, चहा झालाय," आतून ही म्हणाली. "दोघंही या, निवतोय."