उपनिधी आणि सामायिक वाटा: दुधनीच्या बाजारातील माहितीचे स्वत्व

जी वस्तू दान केल्यानंतरही दात्याच्या हाती जशीच्या तशी उरते आणि जी चोरीला गेली तरी घरातली जागा रिकामी होत नाही, तिच्यावरील स्वत्व म्हणजे नेमके काय, हा प्रश्न संगणकाच्या युगाने धर्मशास्त्र आणि तत्त्वज्ञान या दोहोंपुढे नव्याने उभा केला आहे. संपत्तीचे स्थावर आणि जंगम असे दोन वर्ग परंपरेने मानले. माहिती, जिला आता सर्वत्र डेटा म्हणतात, त्या दोन्हींत बसत नाही, कारण ती प्रवास करते पण मूळ ठिकाण सोडत नाही. आपली माहिती दुसऱ्याच्या हाती गेल्यावरही ती कोणी, कशासाठी आणि किती काळ वापरावी हे ठरवण्याचा अधिकार मूळ धन्याकडे राहणे, याला डेटा-सार्वभौमत्व म्हणतात. परंतु त्यातील ‘धनी’ हा शब्दच आधी तपासून पाहावा लागतो.

अक्कलकोट तालुक्यातील दुधनी हे सोलापूर–वाडी लोहमार्गावरील नगर कर्नाटकाच्या सीमेला लागून आहे, आणि तेथील बाजार समितीच्या आवारात तूर, उडीद, मूग यांची आवक तालुक्याबरोबरच पलीकडच्या कलबुर्गी जिल्ह्यातूनही होते. शेजारी उभ्या असलेल्या दोन गाड्यांपैकी एकीतील तुरीच्या जमिनीची नोंद महाराष्ट्राच्या सातबाऱ्यावर असते, तर दुसरीतील तुरीची कर्नाटकाच्या पहाणीपत्रकात. शेतकऱ्याचे नाव, गट क्रमांक, पेरा, मालाचे वजन आणि प्रत, मिळालेला भाव, घेतलेली उचल ही माहिती अडत्याची वही, समितीचे दप्तर, पीककर्ज देणारी बँक, विमा कंपनी आणि डाळ मिल यांच्यात तुकड्यातुकड्यांनी विखुरलेली असते. तिच्यातील काही भाग उघड असणेच न्याय्य आहे. रुमालाखाली बोटांच्या खुणांनी भाव ठरवण्याची जुनी रीत बाजार-नियमनाने बंद केली ती यासाठीच, की भाव सर्वांना ऐकू यावा. याउलट शेतकरी उचलीच्या ओझ्याखाली आहे हे खरेदीदाराला आधीच कळले, तर लिलाव सुरू होण्यापूर्वीच त्याचा माल स्वस्त झालेला असतो. म्हणून माहिती वाटावी की झाकावी हा प्रश्न अपुरा ठरतो. ती कोणत्या नात्याने हातात आली, हे पाहणे आवश्यक होते.

या नात्याचा अत्यंत सूक्ष्म विचार याच परिसरात झालेला आहे. दुधनीच्या ईशान्येस असलेल्या कल्याणीत, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, चालुक्य नृपती सहावा विक्रमादित्य (१०७६–११२६) याच्या कारकिर्दीत विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा ही टीका लिहिली. स्वत्व शास्त्रवचनातून उत्पन्न होत नसून लोकव्यवहारातून सिद्ध होते, ही त्याची भूमिका आजच्या प्रश्नाला फार उपयोगी आहे, कारण तिच्यामुळे नव्या वस्तूसाठी नव्या प्रकारचे स्वत्व व्यवहारातून घडवता येते. याज्ञवल्क्याने उपनिधी सांगितला आहे: आत काय आहे हे न सांगता बंद पेटीत ठेवायला दिलेले द्रव्य, जे तसेच परत करायचे असते. राजा, दैव किंवा चोर यांनी ते नेले तर ठेवणारा दोषी नाही, मात्र त्याने स्वेच्छेने त्याचा उपभोग घेतला तर तो दंडास पात्र होतो आणि ते वाढीसह भरून देतो. हाच नियम ‘अन्वाहित’ या प्रकारालाही लागू आहे. एकाकडे ठेवलेली वस्तू त्याने मूळ धन्याकडे पोचवण्यासाठी तिसऱ्याच्या हाती दिली, तर त्या तिसऱ्यावरही तेच बंधन येते.

रिझर्व्ह बँकेने २०१६ मध्ये आखलेली अकाउंट अॅग्रिगेटर व्यवस्था या कल्पनेच्या आश्चर्य वाटावे इतकी जवळ जाते, कारण खातेदाराच्या संमतीने एका वित्तसंस्थेची माहिती दुसरीकडे नेणारा हा मध्यस्थ ती कूटबद्ध, म्हणजे किल्लीवाचून न वाचता येणाऱ्या रूपात नेतो आणि स्वतः ती उघडू शकत नाही. युरोपातील मोटार-उद्योगाने उभारलेल्या कॅटेना-एक्स या जाळ्यातही माहिती सुट्या भागांच्या उत्पादकाकडेच राहते आणि वापराच्या अटी तिच्यासोबत प्रवास करतात. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमाने माहिती हाताळणाऱ्याला ‘डेटा फिड्युशिअरी’, म्हणजे विश्वस्त, म्हटले, आणि संमतीपूर्वीची सूचना आठव्या अनुसूचीतील भाषांत वाचता येण्याची सोय केली. ज्या गावात घरची भाषा पुष्कळदा कन्नड आणि कचेरीची मराठी असते, तेथे ही तरतूद किरकोळ मानता येत नाही.

तथापि या अधिनियमाची संमती एकेकट्या व्यक्तीची आहे, आणि येथेच खरी अडचण सुरू होते. बंगालात मान्य झालेल्या जीमूतवाहनाच्या दायभागानुसार एकत्र कुटुंबातही प्रत्येकाचा हिस्सा ठरलेला असतो. मिताक्षरेनुसार वाटणी होईपर्यंत तो अनिश्चित राहतो, म्हणून एकाला सर्वांच्या संमतीवाचून समाईक स्थावर देता येत नाही. शेताची माहिती स्वभावतःच मिताक्षरेच्या पद्धतीची आहे. एका सहहिस्सेदाराने मोबाइलवर ‘मान्य’ हे बटण दाबले की उरलेल्यांची जमीन, कर्ज आणि पेराही उघड होतो, आणि एका शिवारातील पुरेशा शेतकऱ्यांनी माहिती दिली की न देणाऱ्याच्या पिकाचाही अंदाज बांधता येतो. क्रिस गोपालकृष्णन समितीने २०२० मध्ये बिगर-वैयक्तिक डेटावर समुदायाचा अधिकार सुचवला होता. ती वाट अर्धवट सुटली, ही खेदाची गोष्ट आहे. समाईकपणाचा इतिहास मात्र निर्दोष नाही, कारण मुलींना जन्मसिद्ध सहदायाद होण्यासाठी महाराष्ट्रात १९९४ पर्यंत आणि देशभर २००५ पर्यंत थांबावे लागले, आणि तूर खुडणाऱ्या कित्येक स्त्रियांचे नाव आजही कोणत्याच उताऱ्यावर नाही. समुदायाच्या नावाने कोण बोलणार, हे ठरवल्यावाचून समुदायाचा अधिकार सांगणे म्हणजे जुनाच अन्याय नव्या यंत्रात भरणे होईल.

मिताक्षरेने सर्वसंमतीच्या नियमाला आपत्काल, कुटुंबाचा निर्वाह आणि धर्मकृत्य असे अपवाद ठेवले. तुरीवर मर रोग पसरत असताना कोणत्या गटात तो दिसला हे शेजाऱ्याला कळवणे अशा अपवादात सहज बसते. तीच माहिती विम्याचा दावा नाकारण्यासाठी वापरणे बसत नाही.

उपनिधीचा नियम एका ठिकाणी मात्र अपुरा पडतो. पेटी परत केली की ठेवणाऱ्याचा हात मोकळा होतो, तर माहिती परत केल्यावरही तिची प्रत राहते. अधिनियमाने पुसून टाकण्याचा हक्क दिला आहे, परंतु अनेक हंगामांच्या आवकेवरून एखाद्या खरेदीदाराने भावाचा अंदाज बांधणारी प्रणाली तयार केली असेल, तर नावे पुसल्यानंतरही तो अंदाज शिल्लक राहतो. अशा वेळी याज्ञवल्क्याचा वाढीसह परत करण्याचा नियमच अधिक नेमका ठरतो. ही वाढ रुपयांतच मोजली पाहिजे असे नाही. दुधनीच्या आवारात लिलाव सुरू होण्याआधी खरेदीदाराच्या हाती जो अंदाज असतो, तोच त्याच सकाळी, कन्नड आणि मराठी दोन्ही भाषांत, माल घेऊन आलेल्या शेतकऱ्याच्या हाती असला, तर ती फेडली जाऊ शकते.