रिकामी बाटली

"काच काय, परत वितळते. टाकली तरी दोष नाही." प्लास्टिकची लाज वाटू लागल्यापासून आपल्या बायकांच्या बोलण्यात हे वाक्य वरचेवर येतं. तूप काचेच्या बरणीतलं, सॉस काचेतला, कॉफी काचेतली. संपलं की बरणी कचऱ्यात, आणि मन निवांत. बरणीबद्दल मला फारसं बोलायचं नाही. बोलायचंय ते या निवांतपणाबद्दल. केलेली हिंसा पुढं कधीतरी कुणीतरी भरून काढणार आहे, एवढ्यावर ती आज माफ होते का?

आधी बाटली होते कशी ते बघू या. वाळू, सोडा आणि चुनखडी भट्टीत घालून सुमारे 1500 अंशांवर वितळवतात. आपल्या बेळगावकडून घाट उतरून कणकवली तालुक्यात गेलं की कासार्डे भागात सिलिका वाळूच्या खाणी लागतात. कोकणातली लाल माती बघत आलेल्या डोळ्यांना ती पांढरी खोदलेली जमीन टोचते. काच कारखान्याची भट्टी आपल्या चुलीसारखी रात्री विझवता येत नाही. एकदा पेटली की रात्रंदिवस, वर्षानुवर्षं जळत राहते. त्यात सोडा आणि चुनखडी तापली की त्यांच्या पोटातलाच कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे इंधनाचा धूर वेगळा आणि दगडातून निघणारा वायू वेगळा.

जुन्या काचेचा चुरा भट्टीत घातला तर यातलं बरंच वाचतं. एक टन चुरा जवळजवळ सव्वा टन कच्च्या मालाची जागा घेतो. चुरा लवकर वितळतो, त्यामुळं मिश्रणात तो दर 10 टक्क्यांनी वाढवला की अडीच-तीन टक्के ऊर्जा कमी लागते. दगडातला वायू तर चुऱ्यातून निघतच नाही, तो पहिल्या खेपेलाच निघून गेलेला असतो. शिवाय काच कितीही वेळा वितळवा, तिचा कस उतरत नाही. कागदाचं किंवा प्लास्टिकचं तसं नाही. म्हणून काच परत भट्टीत जाणं हे चांगलंच आहे, त्यात वाद नाही.

पण हिशेब नीट वाचा. चुऱ्यानं आग कमी होते, विझत नाही. अख्खी भट्टी निव्वळ चुऱ्यावर चालवली तरी इंधन साधारण पाव हिश्शानं घटेल, बाकीचा जाळ लागणारच. "परत वितळते" म्हणताना आपण "परत" हा शब्द ऐकतो, "वितळते" हा ऐकत नाही.

समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंडक श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यातली प्रमादचर्या म्हणजे कारण नसताना जमीन खणणं, पाणी सांडणं, आग पेटवणं, वारा घालणं, झाडं-वेली तोडणं. तिथं महत्त्वाचा शब्द आहे "विफल". गृहस्थाला चूल पेटवावीच लागते, पाणी घ्यावंच लागतं. श्रावकाला कुणी ते बंद कर म्हणत नाही. प्रश्न फळाचा आहे. आता बाटलीकडं बघा. जमीन खणून वाळू काढली, आग लावून ती वितळवली, साच्यात हवा फुंकून तिला आकार दिला. आचार्यांची यादी जवळजवळ पूर्ण झाली. आणि एवढं सगळं झाल्यावर तिच्यातला सॉस पंधरा दिवसांत संपतो आणि धडधाकट बाटली बाहेर जाते. बाटली आणखी वीस वर्षं टिकणारी होती. ते वीस वर्षांचं फळ आपण घेतलंच नाही. मला वाटतं, विफल ते हेच.

यावर आमच्या मंडळात एका थोरल्या आक्कांनी मला चांगलंच पकडलं. "अगं, बाटली धुवायला पाणी लागतंच की. अग्निकाय वाचवलास आणि अप्काय घालवलास. मग साधलं काय?" प्रश्न खोटा नाही. पाणी गाळून घेणाऱ्या घरात वाढलेल्या बाईला तो पडायलाच हवा. कुठल्या कायेचे जीव किती, हा हिशेब मांडायची माझी पात्रता नाही. मी त्यांना एवढंच म्हटलं, "आक्का, धुवायला तांब्याभर पाणी लागतं, आणि तेही झाडाला घालता येतं. भट्टीचा जाळ कुठं घालणार?" आक्का हसल्या, पण पटलं असं काही म्हणाल्या नाहीत.

जुन्या गोटीसोड्याच्या बाटलीला हा वाद ठाऊक नव्हता. सोडा पिऊन बाटली तिथंच ठेवायची. ती धुतली जायची, भरली जायची, पुन्हा गाड्यावर यायची. वितळवायची पाळी फुटल्यावरच. हा क्रम आपण उलटा केलाय, भट्टीला पहिल्या पायरीवर आणून बसवलंय.

दुसरं उदाहरण द्यायला मला संकोच वाटतो, कारण ते दारूच्या बाटल्यांचं आहे. पण शहाणपण मिळेल तिथून घ्यावं. निलगिरीच्या डोंगरात पर्यटक बाटल्या जंगलात टाकायचे, त्या फुटायच्या आणि काचा हत्तींच्या पायात घुसायच्या. मद्रास उच्च न्यायालयानं त्यात लक्ष घातलं. 2022 पासून तिथल्या सरकारी दुकानांत बाटलीमागं 10 रुपये जास्त घेतात आणि रिकामी बाटली आणून दिली की परत देतात. बहुतेक बाटल्या परत येऊ लागल्या. करुणेनं झालं नाही ते दहा रुपयांनी झालं, हे वाचून मी थोडी खट्टू झाले. हत्तीला मात्र त्यानं काही फरक पडत नाही.

आता दशलक्षण पर्वानंतर उपवास करणाऱ्यांना काचेच्या नव्या पाणी-बाटल्या भेट द्याव्यात, असं मंडळात घाटतंय. साठ जणी, साठ बाटल्या. प्लास्टिक नको म्हणून हा चांगला विचार निघाला, हे मान्य. पण माझं मत विरोधात आहे. साठही घरांत स्टीलच्या बाटल्या आहेत. गरज नसलेली वस्तू काचेची केली म्हणून ती गरजेची होत नाही. मी हे बोलले तेव्हा दोघी-तिघींना ते कंजूषपणाचं वाटलं. वाटू दे. निर्णय व्हायचाय.

घरात जे आहे त्याचं मात्र नीट करता येतं. अख्ख्या बाटल्या धुऊन भंगारवाल्याला वेगळ्या द्याव्यात. काच जड आणि भाव कमी, म्हणून तो कुरकुरतो. पैसे सोडून दिले की नेतो. चिनीमातीचा कप, आरसा, ट्यूबलाइट, भट्टीत चालणारं काचेचं भांडं यांत मिसळू नये. चिनीमातीचा एक तुकडा वितळत नाही, नव्या बाटलीच्या अंगात खड्यासारखा राहतो आणि ती तिथंच तडकते.

आणि फुटलेली काच. वस्तू उचलताना नि ठेवताना, नको ते टाकताना खाली बघावं, हे साधूंच्या समितीत येतं. आपण ते त्यांच्याकडंच ठेवून दिलंय. कचरा वेचणाऱ्या बाईचा हात आपल्या काळ्या पिशवीत कोपरापर्यंत जातो. मी काचा जाड पुठ्ठ्यात गुंडाळून सुतळीनं बांधते आणि वेगळ्या देते. पुडक्यावर लिहून भागत नाही, गाडी पहाटे अंधारात येते. हातात देताना "मावशी, काच आहे हं" असं तोंडानं सांगते, आणि त्यांनी "हां" म्हटल्यावरच सोडते.