शिंकेचा न्याय

देवाने माणसाला नाक दिले ते सुगंधासाठी की शिंकेसाठी, असा प्रश्न भाद्रपद सरता सरता मला दरवर्षी पडतो. मला परागांचे वावडे आहे आणि बागेचे वेड आहे. मधुमेह्याने मिठाईचे दुकान काढावे, त्यातलाच हा प्रकार!

बाग आहे खडवलीस, टिटवाळ्याच्या पुढच्या स्टेशनावर, भातसा नदीच्या बाजूला. चार जास्वंदी, एक प्राजक्त, थोडा मोगरा आणि कुंपणाशी माजलेले रान. दिवाळीच्या तोंडावर माझे डोळे चुरचुरू लागले की घरात खटला उभा राहतो. आक्का निकाल देते, ‘‘अरे, आधी तो प्राजक्त तोड बघू! सारे अंगण त्याने भरून टाकले आहे.’’

आता आरोपीची बाजू ऐका. जी फुले रंगाने, वासाने, मधाने कीटकांना बोलावतात, त्यांचे पराग बहुधा जड आणि चिकट असतात. ते कीटकाच्या अंगाला लागतात. वाऱ्यावर सहसा दूर जात नाहीत. गवताला मात्र कोणाची मनधरणी करावयाची नसते. ना रंग, ना वास. ते आपले कोरडे, हलके पराग वाऱ्यावर उधळते. आणि पाऊस ओसरला की आपल्याकडची पुष्कळ गवते फुलावर येतात. प्राजक्तही त्याच दिवसांत बहरतो. एकाचा सडा डोळ्यांत भरतो, दुसऱ्याचे फूल फूल म्हणून ओळखूही येत नाही. मग आळ कोणावर यावयाचा?

एकट्या आक्कालाच का हसावे? लंडनच्या जॉन बॉस्टॉक या डॉक्टराने १८१९ साली आपल्या स्वतःच्याच या विकाराचे वर्णन केले आणि दोष दिला उन्हाळ्याच्या उष्म्याला. मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकलीलाही हाच त्रास. त्याने काचेच्या पट्ट्यांना चिकट लेप लावून हवेतले पराग मोजले, पतंगांच्या साहाय्याने उंचावरचेही पराग गोळा केले आणि १८७३ साली पुस्तक लिहून पुराव्यानिशी परागांवर बोट ठेवले. खरा आरोपी सापडण्यास चोपन्न वर्षे लागली!

परंतु आरोपी सापडला म्हणून प्रश्न सुटत नाही. खरा प्रश्न तेथूनच सुरू होतो. हे गवत काढावयाचे कोणी? मला ते सोसत नाही म्हणून मी निंदणाला एक बाई बोलावतो. कुंपणाशी गवताबरोबर गाजरगवतही असते. १९५५च्या सुमारास ते पुण्याजवळ नजरेस आले. परदेशी गव्हाबरोबर आले असे मानतात. त्याने नाक वाहते, कातडीही उठते. आणि वारंवार हाताळणाऱ्याला हे वावडे काही काळाने नव्याने जडू शकते. बाईंना मी त्रासाविषयी विचारले, तर त्या हसून म्हणाल्या, ‘‘आमाला कसला तरास, दादा? आमचा जलमच गवतात गेला.’’

या उत्तराने माझे समाधान होईना. आज त्रास नाही, याचा अर्थ उद्या होणार नाही असा नव्हे. आणि मजुरी मोजली म्हणून दुसऱ्याच्या कातडीवर माझा हक्क पोहोचत नाही. मग बाग सोडून द्यावी का? तर बाईंची मजुरी बुडते, आणि रान तर राहतेच. म्हणून आम्ही मिळून काही नियम केले. रान फुलावर येण्याआधी काढावयाचे. पाऊस पडून माती ओली असताना मुळासकट उपटावयाचे. हातमोजे आणि नाकावर फडके दोघांनाही. आणि अंगाला खाज सुटली तर काम थांबवावयाचे, मजुरी न कापता. नाकाला फडके बांधून मीही शेजारी बसतो. शिंका येतात, पण त्या माझ्या वाट्याच्या आहेत.

मला वाटते, आपला त्रास वाटून घेणारा क्वचितच भेटतो; ज्याच्यावर तो ढकलावा असे मात्र कोणी ना कोणी जवळच असते. कधी तो मुका प्राजक्त असतो, कधी गरजू माणूस. एकाला आपण दोष देतो, दुसऱ्याला पैसे देतो, आणि दोन्ही वेळा मोकळे झालो असे समजतो.

आपल्याकडे कोणी शिंकले की बाहेर निघालेला माणूस क्षणभर उंबऱ्यात थांबतो. कुऱ्हाड उचलण्यापूर्वी, किंवा आपले ओझे दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवण्यापूर्वी, तेवढे जरी आपण थांबलो, तरी माझ्या शिंका सार्थकी लागल्या म्हणावयाच्या!