तपासणी हीसुद्धा देहाची सेवा

॥ श्री गुरवे नमः ॥



हा देह आपला नाही, भगवंताने सांभाळायला दिलेली ठेव आहे, हे आपण सत्संगात नेहमी ऐकतो. शेजारणीने गावाला जाताना दागिने ठेवायला दिले, तर आपण चार वेळा कपाटाचं कुलूप ओढून बघतो. मग देवाच्या ठेवीबाबत "काही दुखत नाही ना, मग कशाला दवाखाना?" असं का म्हणतो?

आज गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरविषयी लिहितोय. घरच्या ग्रुपवर हा विषय कशाला, असं कुणाला वाटेल. पण आम्ही सेवेसाठी घरोघरी जातो तेव्हा बायका हळूच म्हणतात, "हे कुणाला सांगायचं?" भीड तशीच राहते आणि आजार आत वाढतो. खरं तर हा आजार सावकाश येतो. विषाणूमुळे पेशी बदलायला लागल्या तरी कॅन्सर व्हायला सहसा कित्येक वर्षं जातात. तेवढ्यात तो सापडला तर टळतो.

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ साली झोपडपट्ट्यांतल्या सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास सुरू केला. निम्म्या वस्त्यांत दर दोन वर्षांनी अशी चार वेळा तपासणी केली. पद्धत साधी. व्हिनेगरमधलं ॲसिड पातळ करून त्या जागी लावायचं. दोष असेल तिथे मिनिटभरात पांढरा डाग दिसतो. (ही घरी करायची गोष्ट नाही बरं का!) बारा वर्षांनी पाहिलं, तर तपासणी झालेल्या वस्त्यांत या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी होते.

आणि ही तपासणी केली कुणी? दहावीपर्यंत शिकलेल्या, चार आठवड्यांचं प्रशिक्षण घेतलेल्या साध्या बायकांनी. सेवा म्हणजे आणखी वेगळं काय असतं?

आपल्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातही बार्शीच्या कॅन्सर रुग्णालयाच्या मदतीने सव्वा लाखांहून अधिक बायकांचा अभ्यास झाला. तिथे विषाणूची फक्त एकदा केलेली तपासणी आठ वर्षांत मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आणू शकली, हे २००९ साली जगासमोर आलं. त्या खेड्यापाड्यांतल्या माउलींनी भीड सोडली म्हणून आज जगभरच्या लेकीसुनांना त्याचा उपयोग होतोय.

"गुरूंवर श्रद्धा आहे, मग तपासणी कशाला?" असंही कुणी विचारतं. श्रद्धा आपल्याला धीर देते. तो धीर दवाखान्याची पायरी चढायलाच वापरायचा. अंगारा कपाळाला लावा, नामस्मरण करा आणि तपासणीला जा.

तिशी ओलांडलेल्या भगिनींनी डॉक्टरांकडे किंवा जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात चौकशी करावी. पाळी गेल्यावर, मधेच किंवा संबंधानंतर रक्तस्राव झाला, घाण वासाचं पाणी जात असलं, तर वयाचा विचार न करता लगेच दाखवावं. गुरुबंधूंनो, "तुला काय धाड भरलीये?" असं न म्हणता सोबत चला.

येत्या गुरुवारी आरतीनंतर प्रत्येकीने एकच संकल्प करूया: स्वतः जायचं आणि आणखी एकीला सोबत न्यायचं. आई, सासू, जाऊ, धुणंभांडी करणारी ताई, कुणीही.

सद्गुरुचरणी अर्पण 🙏
– महिला सेवा समूह